कॉम्प्युटरमधला मुलगा

जिन्यावरसुद्धा माणसं दाटली होती. आतल्या खोलीत तर मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर खिळलेल्या. कीबोर्डला कुणाचं बोट लागलेलं नव्हतं, तरी पडद्यावर अक्षरं रांगत उमटत होती : आ... ई...

"आला!" कुणीतरी कुजबुजलं.

"बाळा, जेवलास का रे?" खुर्चीतली आई पडद्याला विचारत होती.

दाराशी थोरली मुलगी उभी होती. ती परगावी शाळेत विज्ञान शिकवायची. आईची तब्येत फार खालावल्याचं शेजारणीने कळवलं, म्हणून सकाळीच आली होती. धाकटा भाऊ अपघातात गेल्याला वर्षही झालं नव्हतं. त्याच्या कॉम्प्युटरवर आई रोज त्याचे फोटो बघत बसायची. मग तो कॉम्प्युटर भलताच संथ झाला. एक फोटो उघडेपर्यंत हातातला चहा निवून जाई. दुरुस्तीवाला आला, बराच वेळ खुडबुडला आणि आवाज उतरवून म्हणाला, "काकू, बिघाड नाही हा. यात कुणीतरी आहे." त्यानेच या महाराजांना घरी आणलं.

महाराज आता रंगात आले होते. "अहो, एवढ्याशा डब्यात अख्खा जीव मावायचा, मग यंत्र जड होणारच! मी याची मेमरी मंत्राने वाढवली, म्हणून निदान बोलतोय तरी."

पडद्यावर नवी ओळ आली : आई सुई नको. महाराजांचं पाणी घे.

आईला मधुमेह होता. फ्रीजमधलं इन्सुलिन तसंच का पडून होतं, ते थोरलीला आत्ता कळलं.

ती टेबलाशी गेली, वाकली आणि तिने इंटरनेटची वायर उपसून काढली.

"आता बोल, आई."

"बाळा, ताई आलीय बघ." पडदा कोराच. "बाळा?"

"अविश्वासाची सावली पडली!" महाराज कडाडले. "आत्मा रुसला!"

तेवढ्यात त्यांचाच टेबलावरचा फोन वाजला. दुरुस्तीवाल्याचं नाव बघून थोरलीने तो उचलला आणि स्पीकर लावला.

"महाराज, लाइन तुटली. इकडे काहीच ऐकू येईना. पुढे काय टाइप करू?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांनी फोन हिसकावून काढता पाय घेतला.

थोरलीने चालू प्रोग्रॅमची यादी उघडून सगळ्यांना दाखवली. "आधी डिस्क काठोकाठ भरली होती, म्हणून हा रखडत होता. दुरुस्तीवाल्याने ती साफ करायची सोडून हा प्रोग्रॅम घातला. याच्यामुळे त्याला दुकानात बसून इथलं ऐकता येतं, टाइप करता येतं. त्याने मशीन आणखी रखडलं, एवढंच."

माणसं खाली मान घालून पांगू लागली. आई मात्र जागची हलली नाही.

"वायर लाव गं परत."

"आई, तिकडे तो नाहीये."

"माहितीये मला. तो कुठे मला 'आई' म्हणायचा? 'माऊ' म्हणायचा. पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली मनात." तिने पडद्यावरून हात फिरवला. "पण रोज कुणीतरी बोलत तर होतं."

थोरली तिच्या पायाशी मटकन बसली. भावाच्या अंत्यविधीनंतर ती पहिल्यांदाच अशी रडली.

मग डोळे पुसून ती जिन्यापाशी गेली. "चमत्कार बघायला रोज येत होतात ना? आता नुसते बोलायला या तिच्याशी. आणि औषध सोड असं देव म्हणो की मेलेलं माणूस म्हणो, आधी डॉक्टरांना विचारा. समोर काही अजब घडलं तर ते कसं घडलं, हे विचारायला लाजू नका. तेवढं कुणी विचारलं असतं, तर माझ्या आईची ही दशा झाली नसती."

फक्त शेजारीण परत वर आली आणि आईजवळ खुर्ची ओढून बसली.

थोरलीने डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं इंजेक्शन भरलं. आईने मुकाट्याने दंड पुढे केला.