तीन मिनिटांचा ट्रंक कॉल

कुंदाचा नवरा जयवंत हवाई दलात होता, हेलिकॉप्टरवर. सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात त्याची तुकडी श्रीलंकेच्या लढाईत गेली, आणि तेव्हापासून मुलुंडच्या घरी आठ-दहा दिवसांनी त्याचं पत्र यायचं. डास फार आहेत, जेवण बरं आहे, काळजी नको. सासऱ्यांना मोतीबिंदूमुळे अक्षर लागत नसे, म्हणून ती त्यांना पत्र वाचून दाखवी. सगळे त्यांना भाऊच म्हणत.

कुंदा बाहेरगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. डिसेंबरातल्या एका सकाळी मद्रासच्या ऑपरेटरने तिच्याकडे कॉल दिला. नंबर मुलुंडचा, बोलायचं फक्त भाऊंशी. नंबर ऐकून कुंदा चमकली. तो शेजारच्या शरच्चंद्रकाकांचा होता; घरी फोन नव्हता, म्हणून निरोप त्यांच्याकडेच येत.

काका भाऊंना बोलावून आणेपर्यंत तिने ओळखलं, मद्रासहून भाऊंना फोन करणारा जयवंतच असणार. कॉल जोडला की लाइनवर थांबायचं नाही, असा नियम. नुसता त्याचा आवाज ऐकते आणि सोडते, असं मनाशी म्हणत ती थांबली.

"भाऊ, नीट ऐका," जयवंत म्हणाला. "मी मद्रासला हॉस्पिटलात आहे. जखमींना आणायला उतरलो होतो, तिथे गोळीबार झाला. उजवा पाय गेला, गुडघ्याखालून."

"गेला म्हणजे?"

"कापला. बारा दिवस झाले."

कुंदाची बोटं बोर्डावर तशीच राहिली. परवाच पत्र आलं होतं, रोज सकाळी पळायला जातो म्हणून. ते त्याने खाटेवर पडून लिहिलं होतं.

"कुंदाला इतक्यात सांगू नका," तो सांगत होता. "मीच सांगेन, सावकाश."

बोर्डावर वेळ संपल्याचा दिवा लागला. बारा वर्षांच्या सवयीने कुंदाचं तोंड आपोआप उघडलं, "तीन मिनिटं झाली. एक्स्टेंड करू?"

जयवंतने आवाज ओळखला.

"कुंदा?"

"हो."

"पन्नास जणी असतात ना गं तिथे," तो पुटपुटला. "तुझ्याकडेच कसा लागला?"

"पळायला जातो, असं का लिहिलंत?"

पलीकडे भाऊ रडताहेत, एवढं तिला कळलं. तिने कॉल वाढवला.

"दुखतं का?" शेवटी तिने विचारलं.

"जो पाय नाही, तोच दुखतो. त्याचा अंगठा दुखतो."

तिला ते समजलं नाही. ती नुसती "बरं" म्हणाली, आणि तो शब्द तिचा तिलाच विचित्र वाटला.

शेजारच्या खुर्चीवरच्या नीलाने तिच्या कानांवरचा हेडफोन काढला, तेव्हा लाइन कधीच बंद झाली होती. कुंदाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रजेचा अर्ज समोर ठेवला, तर 'कारण' या शब्दापुढे तिचं पेन चालेना. ते नीलाने भरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदा आणि भाऊ मद्रासच्या गाडीत बसले.