मोतिया की हस्तिदंती?

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे, मागच्या खोलीची. भिंतीला कान असतात असे तुम्ही म्हणता. तोंडही असते, तर या घरातल्या शहाण्यांना मी चांगले खडसावले असते!

गवंड्याने मला उभे केले तेव्हा घराचे मालक तरुण होते. आता सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी हौसेने मला गडद निळा रंग दिला आणि दाराला पांढरा. पाहुणे माझे कौतुक करत. पुढे ओल आली, पोपडे निघाले, मग कोणी ढुंकूनही बघेना. आबांची नजरही अधू झाली. तरी माझ्या निळ्यात ते पांढरे दार त्यांना पुसटसे दिसे. कोणाचाही हात न धरता ते बाहेर जात. त्यातच त्यांची सारी ऐट होती.

मग मुलाने आणि सुनेने रंगकाम काढले. रंगाऱ्याने माझ्यावर दोन पट्टे ओढले, एक मोतिया, एक हस्तिदंती. एक दूध, तर दुसरा साय आलेले दूध. पण त्यावर केवढा तो काथ्याकूट!

"मोतिया खिडकीच्या उजेडात राखाडी दिसतो," सून म्हणाली.

"आणि तुझा हस्तिदंती दिव्याखाली पिवळा पडतो, त्याचं काय?" मुलगा म्हणाला.

शेजाऱ्यांना बोलावले, नणंदेला फोटो पाठवले. आबा तिथेच पलंगावर बसले होते. त्यांना कोणी विचारले नाही. शेवटी तेच म्हणाले, "निळाच राहू दे की रे."

"आबा, तुम्हाला कुठे दिसतंय आता!" मुलगा म्हणाला.

माझ्या पायाची आग छताला भिडली. ज्याची खोली, त्यालाच हे उत्तर!

मोतिया जिंकला. सगळे एकसारखे दिसावे म्हणून दारालाही तोच फासला. रंग वाळल्यावर आबा सकाळी उठले, नेहमीच्या ऐटीत चालत आले आणि माझ्यावर आदळले. कपाळाला टेंगूळ आले.

"दार कुठे गेलं रे?"

मुलगा धावत आला. "हाक मारायची ना, आबा! मी नेलं असतं धरून."

"इतकी वर्षं मी एकटाच जात होतो," आबा म्हणाले.

आता ते पलंगावरून हाक मारतात आणि कोणी येईपर्यंत बसून राहतात.

मित्रांनो, रंगाचे नमुने खुशाल गावभर दाखवा, पण खोलीत राहणाऱ्याला आधी विचारा. मला मोतिया द्या नाहीतर हस्तिदंती, माझे काही बिघडत नाही. त्या दाराला मात्र गडद निळा रंग द्या. आबांना एकट्याने बाहेर जाऊ द्या.