मापाचं पाणी

आमची लाँड्री होती. पुढे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या, मधे कपडे भिजवायचे हौद. जिकडेतिकडे पाणी, आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला मात्र दिवसाला तीन कप. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. जास्तीचं पाणी अंगात साठायचं, छातीत उतरायचं. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. तिला आम्ही खारू म्हणायचो. दोन्ही हातांत कप धरून ती घोट घोट पुरवून प्यायची. आम्ही मोठी माणसं हौदाआड जाऊन चोरासारखं पाणी प्यायचो.

या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. तेव्हा मूत्रपिंड बदलणं आजच्याइतकं रुळलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "दहांतल्या सहा मुलांना लाभतं. बाकीच्यांचं सांगता येत नाही. एखादं टेबलावरच जातं." माझं मूत्रपिंड जुळत होतं. कागदावर आईबाप दोघांच्या सह्या हव्या होत्या.

"चाललंय ना? मग चालू दे," आमचे हे म्हणाले. "तुम्ही दोघी एकदम आत. मी बाहेर कुणाच्या तोंडाकडे बघत बसू?"

वर्षभर मी त्यांच्या नावानं खडे फोडले. खरं सांगायचं तर भीती मलाही होती. त्यांचा नकार माझ्या सोयीचाच होता.

मग एका सोमवारी डायलिसिसच्या काट्यावर खारूचं वजन दीड किलो जास्त भरलं. धाप लागलेली, ओठ काळसर. नर्सबाई माझ्यावर कडाडल्या, "आई ना तुम्ही? पाणी कुणी पाजलं हिला?"

घरी येताच मी खारूचं बखोट धरलं. "नळाला तोंड लावलंस?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस!"

"सोड तिला." हे इस्त्रीच्या टेबलामागून म्हणाले. "मी देतो. रोज दुपारी, तू कपडे पोचवायला गेलीस की."

मी खारूचं बखोट सोडलं.

"मागते गं ती. मला नाही बघवत."

"आणि मला सांगता चालू दे! तुम्हाला एक दुपार निभावत नाही!"

"बाबांना ओरडू नकोस," खारू मधे पडली. मग तिनं गंभीरपणे विचारलं, "तुझं मूत्रपिंड बसवलं की मीपण तुझ्यासारखी कटकट करणार का?"

"ती तुला जन्मतःच बसवलीय," हे म्हणाले. हसायला गेले आणि टेबलावर डोकं टेकून रडले. समोर कुणाचा तरी सदरा करपत होता. इस्त्री मी उचलली.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पेन हातात घेऊन ह्यांनी मला विचारलं, "चुकलं तर?"

"तर दोघांचं चुकलं."

त्यांनी सही केली.

माझं मूत्रपिंड खारूला चौदा वर्षं पुरलं. शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, एक न टिकलेलं प्रेम, सगळं त्यात झालं. चोविसाव्या वर्षी ती गेली.

ती गेल्यावर कितीतरी दिवसांनी मी ह्यांना विचारलं, "चुकलं का हो आपलं?"

हे कॉलर ताणून सरळ करत होते. वर न बघता म्हणाले, "आजही सही करीन. पण तू विचारू नकोस."