गिलावेवाल्याचं पनीर

साइटवर त्याला तोंडावर उस्ताद म्हणत आणि पाठीमागे ओळंबा, भिंत सरळ आहे का ते बघायचं दोरीला टांगलेलं वजन. चाळीस वर्षं भिंतींना गिलावा करून त्याची नजर पार बिघडली होती. कुणाच्याही घरी गेला तरी पाण्याचा पेला हातात पडायच्या आधी कुठला कोपरा गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नाही ते त्याला दिसायचं, आणि दिसलं की बोलल्याशिवाय राहवत नसे. लोक त्याला फार वेळा घरी बोलवत नसत ते उगाच नव्हे.

बायकोही त्याला शोभेल अशीच मिळाली होती. त्याला भिंतीत खोट दिसे, तिला जेवणात. मीठ चिमूटभर कमी, कांदा जरा जास्त परतलेला, भाजी एक उकळी आधी उतरवलेली. कुणाकडे जेवून परतताना दोघं वाटेभर उणंदुणं काढत येत, त्याचं भिंतींचं आणि तिचं ताटातलं, आणि या उद्योगात त्यांचा चौतीस वर्षांचा संसार मोठ्या सुखात चालला होता.

आता मात्र दोन महिने ती काहीही समोर ठेवलं तरी दोन घास खाऊन एवढंच म्हणायची, "चांगलं आहे." ते ऐकलं की त्याला धास्ती वाटायची.

तिच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. पोटावर शौचाची पिशवी लावून घरी पाठवलं होतं. दुसरं ऑपरेशन झालं की आतडं जोडणार आणि पिशवी निघणार. पण ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. पिशवीच्या लाजेने ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हती. शेजारीण डोकावली तरी झोपेचं सोंग घ्यायची. तपासणीला नेलं तेव्हा सर्जनने तिचा दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि सरळच सांगितलं.

"टाके मांसात बसतात, काका. मांसच नसेल तर मी टाका घालू कशात? यांच्या पोटात प्रोटीन जाऊ द्या. सहा आठवड्यांनी या. हात न टेकता खुर्चीतून लागोपाठ पाच वेळा उठल्या तर ऑपरेशन करतो. नाहीतर पुढचे सहा महिने पिशवी आहेच."

पोकळ भिंतीवर गिलावा धरत नाही हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. घरी आल्यावर तिने एकदा प्रयत्न केला. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरून अर्धी उठली आणि परत बसली. मग भिंतीकडे बघत राहिली, आणि त्या भिंतीत काय खोट आहे हे सांगायचं त्याला त्या दिवशी सुचलं नाही.

प्रोटीन म्हणजे काय ते त्याला औषधाच्या दुकानात कळलं. चार दिवसांच्या मजुरीचा एक डबा. त्यातली पूड पाण्यात कालवून दिली तर ती दोन घोटांत थांबली. त्यानेही चाखून पाहिली आणि तिला दोष दिला नाही. उकडलेल्या अंड्याच्या वासाने तिला उमासे येत. मांस चावता चावता ती दमून जाई. डाळ खाल्ली की पिशवी फुगायची आणि ती कळवळायची. ज्या माणसाने जन्मात चहापलीकडे चुलीवर काही ठेवलं नव्हतं त्याच्या पंधरा दिवसांत नाकी नऊ आले.

अशात त्याला एका छोट्या डेअरीत काम मिळालं. मागच्या खोलीतल्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले होते. डेअरीवाल्या बाई पन्नाशीच्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोलायला कमी. तो भिंत खरवडत होता आणि त्या पलीकडे भल्या मोठ्या पातेल्यात दूध उकळत होत्या. उकळी आली तशी त्यांनी आच बंद केली, कालच्या पनीरचं निथळलेलं आंबट पाणी तांब्याभर त्यात ओतलं, पळी सावकाश दोनदा फिरवली आणि बाजूला ठेवली. मग हाताची घडी घालून नुसत्या उभ्या राहिल्या.

त्याला वाटलं, बाई पुढचं विसरल्या. पण बघता बघता दूध फाटलं. पांढरेशुभ्र ढग वर आले आणि खाली हिरवट, नितळ पाणी राहिलं. बाईंनी चाळणीत फडकं अंथरलं आणि झाऱ्याने ते ढग एक एक करून असे उचलले की एकही मोडला नाही. वर चिमटीने मीठ भुरभुरलं, फडक्याची टोकं बांधली. झालं काम. ना घाई, ना एक हालचाल जास्त.

ओळंब्याच्या हातातली थापी तशीच राहिली. दुसऱ्याच्या कामाला त्याने बरं म्हटलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पण कसबी हात दिसला की ओळखू येतो, आणि या बाईंचा हात त्याच्या पाहण्यातल्या कुठल्याही मिस्तरीपेक्षा वरचढ होता. तो म्हणाला, "बाई, हात चांगला आहे तुमचा." बोलून तो स्वतःच दचकला.

बाईंनी कागदावर एक कोमट तुकडा दिला. जिभेवर ठेवला आणि तो चावायच्या आत विरघळला, दुधाची गोडी मागे ठेवून. यात प्रोटीन असतं का, त्याने विचारलं. बाई हसल्या. दुधातला जोर बहुतेक फडक्यातच राहतो, म्हणाल्या, म्हणून तर आमच्यात बाळंतिणीला आणि आजाऱ्याला हेच. ताजं मऊ पनीर टिकत नाही, आजचं आज खपायला हवं, म्हणून पाचनंतर उरलेलं त्या निम्म्या भावाने देत. डब्याच्या पैशांत महिन्याचं पनीर येत होतं. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

त्या दिवसापासून रोज पाच वाजता तो डेअरीच्या दारात हजर. पहिल्या दिवशी बायकोने दोन चमचे खाल्लं, आठवड्याने वाटी संपू लागली. वास नाही, चावणं नाही, पिशवीची तक्रार नाही. पंधरा दिवस झाले तशी ती एक हात टेकून उठायला लागली. "चांगलं आहे" मात्र सुटलं नव्हतं.

आणि तारखेला दहा दिवस असताना डेअरी बंद झाली. परगावी बाईंची आई पडली होती. निघायच्या घाईतही त्यांनी आंबट पाण्याची मोठी बाटली त्याच्या हाती दिली आणि कृती सांगितली. "आणि काका, पाणी ओतलं की हात बांधून उभं राहायचं. तेवढंच अवघड आहे बघा." त्याने मान डोलावली. दोनदा पळी फिरवायची, त्यात काय अवघड?

दुसऱ्या दुकानातलं पनीर त्याने आधी आणून पाहिलं. ते दाबून दाबून खोडरबरासारखं केलेलं, बायकोने एक तुकडा तोंडात घोळवला आणि काढून ठेवला. तेव्हा त्याने बाह्या दुमडल्या आणि दूध चढवलं.

आंबट पाणी पडलं, दूध फाटायला लागलं आणि पातेल्यात गुठळ्या दिसल्या. गुठळी! चाळीस वर्षं ज्या माणसाने सिमेंटच्या मसाल्यात गुठळी दिसली की मजुराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्याच्या डोळ्यांदेखत गुठळ्या. डोकं म्हणत होतं थांब, पण हात डोक्याचं ऐकेनात. त्याने पळी घेऊन सगळं असं घोटलं की भिंतीला लावावं. निम्मं फडक्यातून वाहून गेलं, उरलं ते रेतीसारखं कचकचीत. बायकोने एक चमचा खाल्ला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याने पळीच लपवली, तर उलथन्याने घोटलं. तिचं खाणं पुन्हा दोन चमच्यांवर आलं. पाचव्या दिवशी उठताना तिला परत दोन्ही हात लागले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सहा महिने अजून ही बाई दाराआड बसणार, आणि कशामुळे, तर आपल्या हाताला सुटलेल्या खाजेमुळे. त्याला स्वतःचा असा संताप आजवर कधी आला नव्हता.

सहाव्या दिवशी त्याने दूध उकळलं, आच बंद केली, पाणी ओतलं, पळी दोनदा फिरवली आणि सरळ स्वयंपाकघराबाहेर जाऊन दाराला पाठ लावून उभा राहिला. दोन्ही हात काखेत. आत काय चाललं असेल या विचाराने त्याला घाम फुटला. शंभरपर्यंत आकडे म्हणून तो आत आला. पातेल्यात ढग तरंगत होते, मोठे, अखंड, आणि खाली पाणी नितळ. त्याने ते उचलले, फडक्यात बांधले आणि नळाला टांगले. गाठोडं क्षणभर झुललं आणि ओळंब्यासारखं सरळ थांबलं. दाबायचं त्याच्या मनात आलं होतं. दाबलं नाही.

मग पुढचे तीन दिवस त्याने तसंच केलं. तिची वाटी पुन्हा भरली आणि पुन्हा संपू लागली. तारीख दोन दिवसांवर आली, पण खुर्चीतून उठून बघ म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. नाही जमलं तर?

त्या दुपारी त्याने बशी तिच्या हातात दिली. त्या दिवशीचं पनीर इतकं मऊ उतरलं होतं की चमचा आपोआप खाली जात होता. तिने एक घास घेतला. मग कपाळाला आठी घातली. दुसरा घास घेतला.

"अहो, यात मीठ कुठे आहे?"

बाईंनी सांगितलेलं मीठ! हात आवरायच्या नादात त्याने ते चारही दिवस घातलंच नव्हतं.

"चार दिवस मला वाटतंय काहीतरी कमी आहे, काहीतरी कमी आहे. एवढं मऊ केलंत आणि वर मीठ नाही. याला काय म्हणायचं?" असं पुटपुटत ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. एका हातात बशी, दुसऱ्या हातात चमचा.

तो रिकाम्या खुर्चीकडे बघत उभा होता. खुर्चीच्या हातांना कुणी शिवलंदेखील नव्हतं. इतका आनंद त्याला कुठल्याच भिंतीने दिला नव्हता. ती मीठ घालून आली, बसली आणि पुन्हा एक घास घेतला.

"आता जरा बरं लागतंय."

"ऊठ," तो म्हणाला.

"कशाला?"

"अजून चार वेळा ऊठ. बशी हातातच राहू दे."

तिने हातातल्या बशीकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आणि उठली.