दानम्माला दिलेला शेक

सरकारी मेडिकल कॉलेजातल्या पांढऱ्या उंदरांचं दाणापाणी पंचाक्षरीकडे होतं. धारूरहून सकाळच्या एसटीने यायचं, पिंजरे झाडायचे, संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप काढायचं. दिवसभरात त्याचं सगळ्यात जास्त बोलणं व्हायचं ते उंदरांशीच. बिचारे उलटून बोलत नसत, एवढंच काय ते सुख.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात कॉलेजातल्या डॉक्टर कावेरी मॅडमनी नवा प्रयोग काढला. बेशुद्ध केलेले उंदीर गरम पेटीत ठेवायचे, अंग बेचाळीस डिग्रीला तापलं की बाहेर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या आतड्याला भोक पाडायचं. पोटात घाण पसरून बाकीचे उंदीर पटापट मरत. आदल्या दिवशी तापवलेल्यांतले बरेच तगत. मॅडम खूश झाल्या. पंचाक्षरीची मात्र झोप उडाली.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको दानम्मा पोटातच पू होऊन गेली होती. दुखायला लागलं तसा पंचाक्षरी रजा टाकून तिच्या उशाशी बसला. चुलीत वीट तापवून, फडक्यात गुंडाळून तिच्या पोटावर ठेवली. तिला बरं वाटलं, म्हणून पुन्हा ठेवली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा अपेंडिक्स फुटलं होतं. शेकानेच फुटलं, असं तिथे कुणीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं. लेक शिवानी दिवस उरकून गेवराईला सासरी गेली, ती पुन्हा फिरकली नाही. पंचाक्षरी काय ते समजला. बायकोला आपणच मारलं, हे त्याने मनाशी धरून ठेवलं आणि कुणाला सांगणार, एकटाच कुढत राहिला.

शेवटी धीर करून त्याने मॅडमना विचारलं, “रोग आधी अन् शेक मागून दिला, तर ओ?”

तेही बघायचंच आहे, असं मॅडम म्हणाल्या. आठ उंदरांना भोक पाडल्यावर काही तासांनी पेटीत ठेवलं, भोक पाडलेल्या दुसऱ्या आठांना ठेवलंच नाही. पेटीचं झाकण पंचाक्षरीनेच लावलं.

तिसऱ्या दिवशी न तापवलेल्यांतले सहा मेले होते. मागून तापवलेल्यांतलेही सहाच. मागून दिलेल्या उष्णतेने ना तारलं, ना मारलं, मॅडम जरा हिरमुसून म्हणाल्या. उंदरांवरून माणसाचं लगेच सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या, पण ते ऐकायला पंचाक्षरी होता कुठे? तो तडक एसटीडीच्या बूथवर पोचला होता.

गेवराईला शेजारच्या दुकानात फोन होता. शिवानीला बोलावून आणलं. त्याने एका दमात सगळं सांगितलं. शेकानं गेली न्हाई तुजी आई, असं दोनदा सांगितलं.

“अप्पा, शेकाचं लोक बोलायचे. मी कदी बोलले का?” ती म्हणाली. “दोन दिस तुमी तिला शेकत बसलात. दवाखान्यात कावून नेलं न्हाई?”

शेकलं की तिला बरं वाटायचं, हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बरं वाटत होतं तेच दोन दिवस हातचे गेले होते. रोज ज्यांना वाकून नमस्कार करायचा, ते सगळे डॉक्टर एका एसटीच्या अंतरावर होते.

“अप्पा, हाय का तुमी?”

“हाय,” तो म्हणाला.