फणसाचा सेलो

कार्यक्रम सुरू व्हायला अजून अवकाश होता, तरी जार्वो आणि वागिमान सुवार्सीच्या घरी येऊन टीव्हीसमोरची चटई अडवून बसले होते. दोघेही सोलो शहरातले, क्रोंचोंग या तिथल्या जुन्या गाण्याबजावण्यातले सेलोवाले, दोघेही साठीच्या पुढचे, आणि दोघांच्याही घरी टीव्ही याच्याहून चांगला. पण नावाजलेले सेलोवाले पाक प्रानोतो, पाक ही तिथली आदराची हाक, टीव्हीवर वाजवणार असले की ते बघायचं याच घरात, हा सुवार्सीचा नवरा तुकिरान होता तेव्हापासूनचा रिवाज. तुकिरानही सेलोवाला. तो गेल्या वर्षी गेला. रिवाज काही माणसाबरोबर जात नाही, आणि सुवार्सीच्या हातचं सोयाबीनचं तळलेलं तेंपे खाऊन वर त्याला नावं ठेवायची सवय तर मुळीच जात नाही.

"वहिनी, घरात मीठ संपलं का?" जार्वोने पहिल्याच घासाला विचारलं.

"मीठ आहे. तुमची जीभ जुनी झालीय," सुवार्सी म्हणाली आणि हिरव्या मिरच्यांची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

एरवी तिने आणखी दोन शब्द ऐकवले असते. आज तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. थोड्याच वेळात टीव्हीवर जो सेलो दिसणार होता तो तुकिरानचा होता, आणि समोर बसलेल्या या दोघा शहाण्यांना त्याचा पत्ता नव्हता.

झालं होतं असं. पाक प्रानोतो परवा जकार्ताहून आले ते आधी तिच्याकडे, समाचाराला. तरुणपणी ते आणि तुकिरान एकाच गुरूकडे शिकलेले. पुढे प्रानोतोंचं नाव देशभर झालं आणि तुकिरान सोलोतल्या लग्नांमधून वाजवत राहिला. चहा घेता घेता प्रानोतो म्हणाले, प्रवासात माझ्या सेलोची मान निखळली, गोंद धरेपर्यंत हात लावता यायचा नाही. बोलताना त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली. तिथे तुकिरानचा सेलो उभा होता. त्यांनी तो ओसरीत नेऊन थोडा वाजवला आणि म्हणाले, "वहिनी, कार्यक्रमापुरता देता का?" तिने दिला.

आता यात लपवण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण त्यामागे जन्मभराचं दुखणं होतं. सेलो विलायती लाकडाचाच हवा, असं सोलोतले सगळे सेलोवाले मानतात. तुकिरानचा होता फणसाचा. शेजारच्या ढोल करणाऱ्याने ढोलाच्या उरलेल्या लाकडातून तो घडवून दिलेला, आणि वजनाला असा की उचलताना माणसाला देव आठवावा. स्पर्धेत तुकिरानच्या गाण्याबजावण्याच्या मंडळींना बक्षीस मिळालं नाही की जार्वो आणि वागिमान त्याची समजूत काढायला यायचे, आणि त्यांचं वाक्य ठरलेलं असायचं. "हात सोन्याचा रे तुझा, पण बाजा फणसाचा." तुकिरान नुसता हसायचा. सुवार्सीला मात्र ते वाक्य झोंबायचं. तिला एकदा बघायचं होतं, नाव न कळता ऐकला तर हे दोघे त्या फणसाला काय म्हणतात. नवऱ्याच्या वतीने एकदा तरी या जिभा बंद कराव्यात, एवढीच तिची हौस होती.

टीव्हीवर पडदा वर गेला. टीव्हीची नळी म्हातारी झाल्यामुळे सगळी माणसं तांबूस दिसत होती. बासरीवाला, व्हायोलिनवाला, छोट्या तंतुवाद्यांची जोडी, आणि कडेला पाक प्रानोतो. सेलोच्या खांद्यावरून बाटीकचं लांब उपरणं सोडायची त्यांची जुनी सवय होती. सेलोचं अर्धं अंग त्याखाली झाकलेलं.

"आले बघ, क्याई मेंडुंग," जार्वो सावरून बसत म्हणाला. प्रानोतोंच्या सेलोचं ते नाव, काळ्या ढगावरून ठेवलेलं. त्यापुढे क्याई लावायचं, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याचा मान.

पहिलं गाणं सुरू झालं. क्रोंचोंगमध्ये सेलोला गज लागत नाही. वागिमानच्या घरी एक गज होता, तो कोळिष्टकं काढायला. इथे तार अंगठ्याने आणि बोटाने छेडायची आणि सेलोतून ढोल बोलवायचा. प्रानोतोंचा ढोल असा बोलायला लागला की जार्वोच्या हातातलं तेंपे हातातच राहिलं.

"अंगठा बघ त्यांचा," वागिमान हळूच म्हणाला. "ओढतात आणि लगेच सोडून देतात. तार मोकळी होते."

"आणि तू? तू तार सोडल्यावर परत बोट टेकवतोस. म्हणून तुझा ठोका दम्याच्या माणसासारखा तुटतो."

"माझा तुटतो, तुझा सुरूच कुठे होतो?"

"गप रे. ऐक. हा खालचा सूर ऐक. पोटातून येतोय. याला म्हणतात लाकूड. शंभर वर्षं मुरलेलं असणार. साहेबाच्या देशातून बोटीने आलेलं."

सुवार्सीने पदराने तोंड पुसल्यासारखं केलं आणि हसू लपवलं. साहेबाच्या देशातून नाही, मागच्या गल्लीतून, तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, थांबावं. अजून जरा वर चढू द्यावं, मग खाली ओढायला मजा येईल.

जार्वो चढतच होता. "गोल आवाज आहे. कुठे करकर नाही. असा बाजा मांडीशी असला की माणूस आपोआप चांगला वाजवतो."

वागिमानने सुस्कारा सोडला. तो मनाचा हळवा. "आपल्या तुकिरानला असा बाजा मिळायला हवा होता रे."

"मिळता तर आज तिथे तो बसला असता," जार्वो म्हणाला.

सुवार्सीचं हसू तिथेच विरलं. अहो, मिळाला होता की. हाच मिळाला होता. सगळं आयुष्य हाच त्याच्या मांडीशी होता. बाजा इतका गुणाचा होता, तर मग उणं कशात होतं? म्हणजे नाचता येईना आणि अंगण वाकडं, अशातली गत होती, आणि हे दोघे मित्र त्याची लाज राखायला आयुष्यभर अंगणाला बोल लावत राहिले? हौसेने टाकलेला डाव तिच्याच अंगावर उलटला होता. बाजाला मान मिळाला आणि नवऱ्याचा गेला. तिने चहाची किटली उचलली, परत खाली ठेवली. आता काही बोलायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं.

दुसरं गाणं संथ होतं. गाणारीच्या गळ्यासाठी सूर खाली उतरवलेले. दुसऱ्याच ओळीला मधली तार एकदम गुरगुरली. पत्र्यावर भुंगा अडकावा तशी.

"हे काय?" जार्वो म्हणाला.

तो सूर पुन्हा आला, तार पुन्हा गुरगुरली. ओसरीत त्या दिवशी प्रानोतो या सुराकडे गेलेच नव्हते. तिसऱ्या वेळी त्यांनी तो टाळला. शेजारचा सूर घेऊन, वळसा घालून, पुढच्या ठोक्याला वेळेवर पोचले. ऐकणाऱ्या हजारांना कळलंही नसेल. पण इथे चटईवर सेलोवाले बसले होते.

"चुकवतायत," वागिमान म्हणाला. "तो सूर चुकवतायत."

"प्रानोतो चुकवतील? काहीतरी बोलू नकोस."

वागिमान पुढे सरकून टीव्हीला नाक लावेपर्यंत गेला. बराच वेळ ऐकत राहिला. मग मान वळवून त्याने त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि मग सुवार्सीकडे.

"वहिनी, फणस कुठे आहे?"

आता लपवून काय होणार होतं. तिने बोटाने टीव्ही दाखवला. काय घडलं तेही थोडक्यात सांगून टाकलं. जार्वोचा चेहरा असा झाला की दुसऱ्या कुठल्या दिवशी ती पोट धरून हसली असती.

"शंभर वर्षं मुरलेलं, नाही का रे?" वागिमान त्याला म्हणाला.

"तूही मान डोलवत होतास."

"भावजी, ते राहू द्या," सुवार्सी म्हणाली. "मला एकच सांगा. त्यांचा हात खरंच चांगला होता, की मला आणि त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणत होतात? आता मन राखू नका. ते गेले, आता कुणाला वाईट वाटायचंय."

वागिमान काहीतरी गोड बोलायला गेला, पण जार्वोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवलं.

"सोन्याचा नव्हता," जार्वो म्हणाला. "तेवढं आम्ही वाढवून सांगायचो. सोन्याचा हात तो, टीव्हीतला. तुकिरान आमच्यासारखाच होता. एखाद्या रात्री आमच्याहून बरा, एखाद्या रात्री वाईट."

सुवार्सीने मान हलवली. लागलं तिला. पण मागितलं होतं तेच मिळालं होतं, तक्रार कुणाकडे करणार.

"आता पुढचं ऐका," जार्वो म्हणाला. "बाजा वाईट आहे, हे मात्र आम्ही खोटं बोलत नव्हतो. एका लग्नात तुकिरान जेवायला गेला आणि मी फणस मांडीशी घेतला. त्या सुरावर आलो आणि असा गुरगुरला की नवरीने मान वळवून पाहिलं. याच्याही हातात गुरगुरला. ज्याने ज्याने घेतला त्याच्या हातात गुरगुरला. म्हणून आम्ही लाकडाला शिव्या घालायचो."

"आणि त्यांच्या हातात?"

"तेच तर," वागिमान म्हणाला. "मी आत्ता बसल्या बसल्या आठवतोय. तुकिरान वाजवताना तो सूर गुरगुरलेला मी ऐकला नाही. एकदाही नाही. आणि टाळायचाही नाही तो. सरळ त्यावरून जायचा."

"म्हणजे बघा," जार्वो टीव्हीकडे हनुवटी करत म्हणाला, "सोन्याचा हात ज्याला वळसा घालतोय, तिथून हा आमचा माणूस रोज चालत जायचा. आणि आम्हाला वाटायचं, तिथे रस्ता आहे."

टीव्हीवर गाणं संपलं, टाळ्या झाल्या, प्रानोतोंनी वाकून नमस्कार केला. सुवार्सीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसावंसंही वाटत नव्हतं. तिला फार बरं वाटत होतं.

निवेदिका निरोप घेत होती तोच सुवार्सीचा फोन वाजला. प्रानोतोच होते. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. तिने फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा चटईवर ठेवला.

"वहिनी, सेलो उद्या सकाळी मी स्वतः आणून देतो. पण आज मला झोप लागायची नाही, म्हणून आत्ताच विचारतो. मधल्या तारेवर एक सूर आहे. तुकिरान त्याला काय करायचा?"

सुवार्सीने दोघांकडे पाहिलं.

"गुडघा दाबत असेल बाजूला," जार्वो पुटपुटला.

"किंवा छाती टेकवत असेल. किंवा उजव्या हाताचा तळवा," वागिमान म्हणाला. "आम्हाला कुठे दिसणार? आम्ही आपापल्या मंडळींत. तो वाजवायचा तेव्हा आम्ही मांडवाबाहेर. पण वहिनी, तुम्ही तर लग्न झाल्यापासून त्याच्याच मंडळींत गायलात. तुम्हाला ठाऊक असणार."

सुवार्सीने डोळे मिटले. ती आठवत होती. दिवे, मांडव, खुर्च्यांवरची माणसं, पुढच्या रांगेतली पेंगणारी पोरं. सगळं लख्ख आठवत होतं. तुकिरानचा हात तेवढा आठवत नव्हता.

"गाणारी पुढे उभी असते," ती म्हणाली. "लोकांकडे तोंड करून. ते माझ्या मागे असायचे. मला फक्त ऐकू यायचं. घरी सराव करायचे तेव्हा मी चुलीपाशी. मी कधी वळून बघितलंच नाही हो."

फोनमधला गलका दूर गेला. प्रानोतो कुठेतरी शांत जागी येऊन उभे राहिले असावेत.

"मी शोधतो वहिनी," ते म्हणाले. "थोडे दिवस द्याल का मला?"

"ठेवा," सुवार्सी म्हणाली. "लागतील तेवढे दिवस ठेवा. सापडलं की घेऊन या आणि इथेच वाजवा. मी गाणार नाही. मी समोर बसेन."