पडलेल्यांचा पक्ष

मोहाडीजवळच्या त्या गावात मंडईच्या उद्घाटनाला भाषण करायचं म्हणजे शिट्ट्या खायच्या, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दिवाळीनंतरची ही जत्रा. लोक येतात दंडारीचा खेळ बघायला. त्याआधीचं भाषण म्हणजे घासातला खडा. तरीही मारोतरावांनी समितीच्या हात धुऊन मागं लागून लेकीचं नाव पाहुण्यांत घुसवलंच. रीता नागपुरात पीएच.डी. करत होती. विषय कोणता, तर आर्मेनियन लोकांच्या उदारमतवादी पक्षांचा इतिहास!

रीताला स्वतःची फिकीर नव्हती. पण मारोतराव एका चिमुकल्या पक्षाचे, दर निवडणुकीत पडणारे. गाव हसायचं, तेही हसण्यावारी न्यायचे. आज लेकीपायी पुन्हा हसं झालं तर म्हातारा मनातून मोडेल, ही तिला धास्ती होती.

तिनं माइक धरला. "शंभर वर्षं झाली. रशियाच्या लाल राजवटीनं आर्मेनियन लोकायचा देश घेतला. तवाच इस्तंबूलले त्यायच्या जुन्या गटायनं मिळून एक पक्ष काढला. देशात काम करता येईना, तं बैरुतले, बॉस्टनले, जिथं लोकं पांगले तिथं पेपर काढले, शाळा चालवल्या."

शिट्ट्या सुरू झाल्या. पोलिसात लागलेला विनोद ओरडला, "मंग राज्य भेटलं का?"

"नाही. सत्तर वर्षांनं देश सुटला, तवाही मतं थोडीच भेटली."

"म्हणजे आपले मारोतरावच!"

मांडवभर हशा पिकला. मारोतरावही कसनुसं हसले, आणि ते पाहून रीताचं डोकं फिरलं.

"हो, माह्या बाबासारखेच! दरवेळी पडले, तरी गावचं वाचनालय कोनं चालू ठेवलं? विनोदभाऊ, तुमी तिथंच बसून भरतीचा अभ्यास केला ना? हा विषय मी बाबाले पाहूनच घेतला."

पुढचं सगळं ती विसरली. हशा थांबला आणि विनोदनं मान खाली घातली.

चार लोकांत बापाची हार उगाळली, म्हणून घरी जाताना तिला चुटपुट लागली. कापणी झालेल्या धानाच्या बांधीपाशी मारोतराव थांबले. त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले, लपवले नाहीत.

"ते लोकं अजून हायत का, बाई?"

"हायत, बाबा."

"मंग त्यायले कळव. म्हणावं, मोहाडीकडं तुमची एक शाखा हाय."